‘टीबी गोल्ड’ पॉझिटिव्ह आली म्हणजे टीबी झाला का?

प्रश्न : मुलगा मासेमारीच्या बोटीवर जातो. त्याला फुफ्फुसाचा टीबी निघाला, औषधं सुरू आहेत. सुनेने खासगी लॅबमध्ये ‘टीबी गोल्ड’ करून घेतली, ती पॉझिटिव्ह आली. तिला खोकला नाही, ताप नाही. तिलाही टीबी झाला का? तिची भांडी वेगळी ठेवू का? (एक वाचक, अर्नाळा)

उत्तर : भांडी वेगळी करू नका. हा टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. आणि सूनबाईंना आजार झाला, असं हा रिपोर्ट सांगतच नाही.

या तपासणीत रक्तातल्या टी पेशींची परीक्षा होते. टीबीच्या जंतूची ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं ताज्या रक्तात मिसळून ते १६ ते २४ तास उबेत ठेवतात. पेशींची या जंतूशी आधी गाठ पडली असेल तर त्या इंटरफेरॉन गॅमा सोडतात, तो मोजायचा. ही प्रथिनं बीसीजी लसीत नसतात, त्यामुळे जुन्या मँटू चाचणीसारखा लसीचा गोंधळ इथे होत नाही. पण जाळ्याला वास येतो म्हणून मासळी आजचीच, असं कोणी कोळी म्हणणार नाही. जंतू अंगात निपचित पडलाय की फुफ्फुस पोखरतोय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. उपचार पूर्ण झालेल्यांतही ती अनेकदा पॉझिटिव्ह राहते आणि ऐन टीबीत काहींची निगेटिव्ह येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच आपल्यासारख्या देशांना सांगितलं होतं, की सक्रिय टीबीच्या निदानासाठी ही चाचणी वापरू नका. निपचित संसर्ग असलेल्या शंभरातल्या ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. पहिली दोन वर्षं मात्र जास्त जोखमीची.

पेशींवरूनच हा भेद ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत. टीबी सक्रिय असताना त्या जंतूला ओळखणाऱ्या पेशींवर एचएलए-डीआर ही खूण जास्त दिसते, निपचित संसर्गात कमी. निष्कर्ष आशादायक आहेत, पण त्याला लागणारं फ्लो सायटोमेट्रीचं यंत्र महागडं. तेव्हा विरारच्या लॅबमध्ये जाऊन ही तपासणी मागू नका. आणि रक्तावरून निदानाच्या दाव्यांना भुलू नका : रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ‘सांगणाऱ्या’ चाचण्यांचा धंदा इतका फोफावला होता, की २०१२ मध्ये केंद्र सरकारला त्यांवर बंदी घालावी लागली.

सूनबाईंना सरकारी आरोग्य केंद्रात न्या. लक्षणं नसली तरी छातीचा एक्स-रे काढाच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण केवळ एक्स-रेमुळे हाती लागले. त्यात डाग दिसला, तर थुंकीची सीबीनॅट किंवा गोव्यात तयार झालेली ट्रूनॅट तपासणी मोफत होते. सगळं स्वच्छ निघालं तरच प्रतिबंधक औषध : सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा बारा आठवडे आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन. हा क्रम उलटा करू नका. सक्रिय टीबीत एकट्या आयसोनियाझिडने सगळे जंतू मरत नाहीत, आणि उरलेले त्या औषधाला दाद देईनासे होतात. सूनबाई गरोदर असतील किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. औषध चालू असताना डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला रक्ततपासणीची गरज नाही; आजार नाही याची खात्री झाली की औषध लगेच.

आणि बोटीचं काय? एवढ्याशा केबिनमध्ये खलाशी एकमेकांना खेटून झोपतात. तांडेलाशी बोला, त्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. मोसम संपून ते आपापल्या गावी पांगायच्या आत.