परीक्षेत अपयश आले. आता पुढे काय?

परीक्षा ही मनुष्याने आपल्या सोयीसाठी केलेली एक व्यवस्था आहे, तो काही सृष्टीचा नियम नव्हे. परंतु ही साधी गोष्ट निकालाच्या दिवशी घरातील कोणाच्याही ध्यानात राहत नाही. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पंधरा लाख मुलेमुली दहावीच्या परीक्षेस बसतात. त्यांपैकी जे वरच्या श्रेणीत येतात त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात, त्यांचे सत्कार होतात, घरोघरी पेढे वाटले जातात. ज्यांच्या पदरी निराशा येते त्यांच्याविषयी मात्र कोणी चार ओळी लिहीत नाही. आणि खरे पाहता मार्गदर्शनाची गरज त्यांनाच अधिक असते. म्हणून शाळेच्या या वार्षिकात यंदा आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. जे अनुत्तीर्ण झाले त्यांच्यासाठी, आणि जे उत्तीर्ण होऊनही मनाजोगे गुण न मिळाल्यामुळे खिन्न झाले आहेत त्यांच्यासाठी, अशा दोघांसाठीही हे लेखन आहे.

अपयशाचा अर्थ

प्रथम हे समजून घेऊ की, गुणपत्रिका कशाचे मोजमाप करते. नेमलेल्या पुस्तकांतील नेमलेल्या भागावर, नेमलेल्या वेळात, विद्यार्थ्याने काय लिहिले एवढेच ती सांगते. त्याची नीती, त्याचे हस्तकौशल्य, आजारी आईची त्याने केलेली शुश्रूषा, पहाटे वर्तमानपत्रे टाकून शाळेत वेळेवर येण्याची त्याची चिकाटी, यांपैकी कशाचाही उल्लेख तीत नसतो. परंतु याच्या उलट टोकाला जाऊन ‘गुणांना काही अर्थच नाही’ असेही आम्ही म्हणणार नाही. गणितात बावीस गुण पडले तर गणित कच्चे आहे, हे सत्य आहे. आणि सत्याकडे पाठ फिरवून कोणाचे हित झालेले नाही. गुणपत्रिका ही वैद्याने केलेल्या नाडीपरीक्षेसारखी समजावी. तिच्यावरून दोष कळतो, उपाय योजता येतो. तिने जन्माची शिक्षा दिलेली नसते.

अशा प्रसंगी थोरांची उदाहरणे देण्याची चाल आहे. श्रीनिवास रामानुजन हे कॉलेजच्या परीक्षेत नापास झाले होते, असे सांगून मुलांचे सांत्वन करतात. गोष्ट खरी आहे. गणितावाचून इतर विषयांकडे लक्ष न दिल्याने त्यांची शिष्यवृत्ती गेली व परीक्षाही हुकली. परंतु त्यानंतरची कित्येक वर्षे त्यांनी अत्यंत दारिद्र्यात काढली, १९१२ साली मद्रास बंदराच्या कचेरीत कारकुनी पत्करली, आणि या सर्व काळात गणिताचा अभ्यास एक दिवसही सोडला नाही, हा कथेचा उत्तरार्ध सांगावयाचा राहून जातो. १९१८ साली रॉयल सोसायटीचे सभासदत्व त्यांस मिळाले ते नापास झाल्यामुळे नव्हे, तर नापास झाल्यावरही न थांबल्यामुळे.

आम्हांस त्याहून जवळचे वाटणारे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे आहे. मुरूडचा हा मुलगा मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सोबत्यांसह कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्यास गेला. परंतु अंगाने लहानखुरा असल्यामुळे ‘तुझे वय सतरा दिसत नाही’ म्हणून त्याला परीक्षेस बसूच दिले नाही. तो परत फिरला, आणि पुढे कोल्हापूर येथे तीच परीक्षा उत्तीर्ण झाला. मॅट्रिकची परीक्षा त्यांनी १८८१ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी दिली. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन करणाऱ्या आणि १९५८ साली भारतरत्न झालेल्या या पुरुषाचे आरंभीचे एक वर्ष ‘वाया’ गेले होते, हे आज कोणाला आठवते? वर्ष गेले म्हणजे आयुष्य गेले, ही समजूत सर्वथा खोटी आहे.

पहिल्या आठ दिवसांत काय करावे

निकालानंतर आठ दिवस कोणताही कायमचा निर्णय घेऊ नये. शाळा सोडणे, गाव सोडणे, मुलीचे लग्न ठरविणे, मिळेल त्या शिकवणीत पैसे भरणे, हे निर्णय संतापाच्या किंवा लाजेच्या भरात घेतले जातात व मागाहून निस्तरावे लागतात. मात्र काही कामे अशी आहेत की ती आठ दिवस थांबत नाहीत, आणि त्यांची मुदत मंडळ निकालाबरोबरच जाहीर करते.

एखाद्या विषयात गुण अनपेक्षितपणे कमी पडले असतील तर गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. तीत एखादे उत्तर तपासावयाचे राहिले काय, गुणांची बेरीज चुकली काय, हे पाहिले जाते. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रतही मागविता येते. आणि पुनर्मूल्यांकन हवे असेल तर ती प्रत आधी घ्यावी लागते. प्रत हाती आली की, ती घेऊन त्या विषयाच्या शिक्षकांकडे जावे व त्यांचे मत घेऊन मगच पुढील शुल्क भरावे. केवळ दैवावर हवाला ठेवून पैसे खर्चू नयेत.

पुनर्मूल्यांकन करावयाचे नसले तरी त्या प्रतीचा एक मोठा उपयोग आहे. गेलेल्या गुणांचे तीन भाग पाडावेत: जे मुळीच येत नव्हते ते, येत होते पण वेळ पुरला नाही ते, आणि केवळ निष्काळजीपणाने गेले ते. दहावीच्या गणिताचे बीजगणित व भूमिती असे चाळीस-चाळीस गुणांचे दोन भाग असतात. पुष्कळ विद्यार्थी ‘मला गणित येत नाही’ असे म्हणतात, पण प्रत पाहिली म्हणजे भूमितीत त्याने बरे लिहिलेले असते, आणि बीजगणितातील दोन प्रकरणांनी घात केलेला असतो. शत्रू किती मोठा आहे हे कळले म्हणजे निम्मी भीती जाते.

पुन्हा परीक्षा

जे अनुत्तीर्ण झाले त्यांना पूर्वीप्रमाणे वर्षभर वाट पाहावी लागत नाही. मंडळाची पुरवणी परीक्षा हल्ली जून-जुलै महिन्यांत होते, आणि तीत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास त्याच वर्षी पुढील प्रवेश मिळू शकतो. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर सवलतीने अकरावीस तात्पुरता प्रवेश घेण्याचीही सोय आहे. परंतु ही सवलत दुधारी आहे. अकरावीचा अभ्यास आणि राहिलेला विषय ही दोन्ही ओझी एकदम वाहण्याची ज्याची तयारी असेल त्यानेच ती घ्यावी. उत्तीर्ण होऊनही गुणांनी असमाधानी असलेल्यांसाठी श्रेणीसुधार योजना आहे. तीत पुन्हा सर्व विषयांची परीक्षा द्यावी लागते. तेव्हा दोन-चार टक्क्यांसाठी तिच्या मागे लागण्यापूर्वी, त्या टक्क्यांनी आपल्या प्रवेशात खरोखर काय फरक पडणार आहे, हे नीट पाहावे.

ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे काम धरणे भाग आहे, त्यांच्यासाठी खासगी रीतीने सतरा नंबरचा अर्ज भरून मंडळाच्या परीक्षेस बसण्याचा मार्ग आहे. त्याचप्रमाणे १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. या संस्थेत एकेक विषय सवडीने उत्तीर्ण होता येते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात व उत्तीर्ण विषयांचे गुण जमा राहतात. दिवसा दुकानात उभा राहणाऱ्या मुलास यापेक्षा सोयीची योजना आम्हांस ठाऊक नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. ‘नापास? महिन्यात दहावी पास!’ अशा पाट्या निकालाच्या सुमारास चौकाचौकांत लागतात. त्यांतील कित्येक प्रमाणपत्रांना कोठेही मान्यता नसते, आणि हे विद्यार्थ्यास कळते ते पुढे प्रवेश किंवा नोकरी नाकारली गेल्यावर. पैसे भरण्यापूर्वी ते मंडळ मान्यताप्राप्त आहे काय, याची चौकशी शाळेत येऊन करावी. या चौकशीस एक पैसाही लागत नाही.

हाताचे शिक्षण

आमच्या समाजात अद्याप अशी भावना आहे की, ज्याला पुस्तक जमत नाही त्याने हत्यार धरावे. आम्हांस ही भावना पुस्तक व हत्यार या दोहोंचाही अपमान करणारी वाटते. चांगल्या जोडाऱ्यास सूक्ष्म मापाचे गणित लागते, वीजतंत्र्यास पदार्थविज्ञान लागते. फरक इतकाच की, तेच ज्ञान येथे फळ्यावर न राहता हातात उतरते. वर्गात डुलक्या घेणारा मुलगा कर्मशाळेत जागा होतो, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे ज्यांना आपण आयटीआय म्हणतो त्यांत, जोडारी, कातारी, वीजतंत्री हे दोन वर्षांचे, तर संधाता म्हणजे वेल्डर, यांसारखे काही एक वर्षाचे व्यवसाय शिकविले जातात. विशेष हे की, तारतंत्री, संधाता, सुतारकाम अशा काही व्यवसायांस दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थीही पात्र असतो. शिक्षण पुरे झाल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात उमेदवारी करता येते व त्या काळात विद्यावेतन मिळते.

हा मार्ग पुढे बंद होतो, असा एक गैरसमज आहे. वस्तुस्थिती अशी की, दहावी उत्तीर्ण होऊन आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यास ठरलेल्या अटींवर तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात. ज्यांनी दहावी बेताच्या गुणांनी उत्तीर्ण केली आहे त्यांनी तीन वर्षांच्या तंत्रनिकेतन पदविकेचा विचार आधीच करावा. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी कृषी विद्यापीठांच्या पदविका, आणि ज्यांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा दिल्या आहेत त्यांनी कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम पाहावेत. वाट लांबची असेल, पण ती त्याच डोंगरावर जाते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. तेथे त्यांस कळले की, आपल्या डोळ्यांस काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला यापेक्षा मोठे अपयश कोणते? त्यांनी रंगाचे चित्र सोडले व यंत्राचे रेखाचित्र धरले. ते शिकले, शिकविले, पुढे सायकलींचे दुकान काढले आणि लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत. तोही विरोध त्यांनी सोसला. १९१० साली कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. एक दार बंद झाल्यावर त्यांनी त्याच दारावर डोके आपटले नाही आणि घरीही बसले नाहीत. आपल्याला जे जमते ते कोणते, हे त्यांनी शांतपणे शोधले.

पालकांस विनंती

आता दोन शब्द पालकांशी. निकालाच्या दिवशी आपण मुलास जे बोलाल ते त्यास गुणांपेक्षा अधिक काळ आठवेल. ‘तुझ्यासाठी एवढे पैसे ओतले’, ‘शेजारच्या मुलाकडे पाहा’ या वाक्यांनी आजवर कोणाचे बीजगणित सुधारलेले नाही. कित्येक घरांत मुलगा नापास झाला तर त्यास पुन्हा बसवितात, पण मुलगी नापास झाली तर ‘आता पुरे’ म्हणून तिचे दप्तर माळ्यावर टाकतात. हा उघड अन्याय आहे. मुलीलाही तीच पुरवणी परीक्षा, तेच आयटीआय, तेच तंत्रनिकेतन खुले आहे. आणि अठरा वर्षांच्या आत तिचे लग्न करणे हा तर कायद्याने गुन्हा आहे.

मूल जेवत नसेल, बोलत नसेल, एकटेच बसत असेल, किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे काही म्हणाले, तर ते नाटक समजू नये. त्यास एकटे सोडू नये, रागावू नये. जवळ बसून त्याचे ऐकून घ्यावे व डॉक्टरांचे साहाय्य घ्यावे. शासनाच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालतो व तेथे मराठीतही बोलता येते. आजारी शरीराला औषध देण्यात जशी लाज नाही, तशी दुखावलेल्या मनाला देण्यातही नाही. वर्ष पुन्हा मिळते. मूल पुन्हा मिळत नाही.

समारोप

विद्यार्थिमित्रांनो, वर सांगितलेल्या मार्गांपैकी कोणता चांगला, असे तुम्ही विचाराल. त्याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. एका विषयात थोडक्यात हुकलेल्याने पुरवणी परीक्षा द्यावी. तीन-चार विषयांत राहिलेल्याने घाई न करता अभ्यासास किंवा कर्मशाळेस वर्षभर द्यावे. ज्याला घर चालवावयाचे आहे त्याने काम आणि मुक्त विद्यालय यांची सांगड घालावी. मित्र जातो म्हणून त्याच्यामागे जाऊ नये, आणि लोक हसतील म्हणून थांबूही नये.

कागदावर तीन गोष्टी लिहा: आपल्याला काय येते, घरची ऐपत काय, आणि पुढील अर्जाची शेवटची तारीख कोणती. तो कागद व गुणपत्रिका घेऊन शाळेत या. आपण एकत्र बसून वाट काढू. उत्तीर्ण झालेले विद्यार्थी शाळेचे आहेत तितकेच तुम्हीही आहात, आणि निकालाच्या यादीत नाव नसले म्हणून शाळेच्या हजेरीतून ते आम्ही पुसलेले नाही.