शर्यतीच्या लहान मोटारीतील शीतनाची आखणी

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः आखून बांधलेल्या लहान शर्यती मोटारींची स्पर्धा अमेरिकेत १९८१ साली सुरू झाली. आज अशी स्पर्धा आपल्या देशातही, कोइमतूरजवळच्या कारी धावपट्टीवर, भरते. तीत सर्वांत अधिक गुण सहनशक्तीच्या शर्यतीला असतात. सुमारे २२ किलोमीटरांचे हे अंतर दोन चालक मिळून तोडतात. मध्यावर इंजिन बंद करून चालक बदलावयाचा असतो व त्यासाठी तीन मिनिटे मिळतात. काही गाड्यांची शर्यत या तीन मिनिटांतच संपते. नवा चालक आसनावर बसतो, कळ दाबतो, आणि तापलेले इंजिन काही केल्या सुरू होत नाही. वर्षभराचे श्रम असे वाया जाऊ नयेत म्हणून शीतनाची आखणी कशी करावी, ते एका उदाहरणाने पाहू.

प्रथम उष्णता किती घालवावयाची हे ठरविले पाहिजे. नवशिके विद्यार्थी इंजिनाची कमाल शक्ती घेऊन हिशेब करतात. तो चुकीचा होय. पेट्रोलचा खप पाहणे अधिक खात्रीचे. समजा, मोटारसायकलचे एक सिलिंडरचे इंजिन बसविलेली आपली गाडी २२ किलोमीटर अंतर २६ मिनिटांत तोडते आणि तीन लिटर पेट्रोल जाळते. एका लिटरात सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा असते. म्हणजे एकूण ९६ मेगाजूल ऊर्जा १,५६० सेकंदांत मुक्त झाली. हे प्रमाण सुमारे ६० किलोवॉट पडते. त्यांपैकी साधारण चतुर्थांश, म्हणजे १५ किलोवॉट, पाण्यात उतरतात असे धरू.

पण सरळ पट्ट्यावर चालक पूर्ण जोर लावील तेव्हा काय? त्या चार सेकंदांत आणखी १५ किलोवॉट उष्णता आली तरी ती ६० किलोजूलच होते. दोन लिटर पाणी आणि वीस किलो ॲल्युमिनियम मिळून इतकी उष्णता दोन-अडीच अंशांच्या वाढीत सामावून घेतात. तेव्हा क्षणिक जोरासाठी दुप्पट मोठा रेडिएटर वाहण्याचे कारण नाही.

आता ही उष्णता हवेला द्यावयाची. रेडिएटर हे नाव, खरे पाहता, फसवे आहे. प्रारणाने बाहेर जाणारी उष्णता शेकडा एक अंशही नसते. सारे काम पंखपत्रांमधून वाहणारी हवा करते. बाहेरची हवा ३५ अंश सेल्सियस असून बाहेर पडताना ती ६० अंशांवर जाते असे धरल्यास दर सेकंदाला ०.६ किलोग्रॅम, म्हणजे अर्ध्या घनमीटराहून थोडी अधिक हवा लागते. ताशी ५० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. पण जाळीच्या अडथळ्यामुळे हवा आतून त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वेगानेच जाते असे मानणे बरे. त्यावरून रेडिएटरचे तोंड सुमारे ३८ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच हवे.

पाण्याचा प्रवाह वाढवून काम भागेल काय? मिनिटाला ३० लिटर पाणी फिरत असेल तर ते रेडिएटरमध्ये सात अंशांनी निवते. प्रवाह दुप्पट केला तर साडेतीन अंशांनीच निवेल; रेडिएटरचे सरासरी तापमान जेमतेम दोन अंशांनी वाढेल. पाण्याच्या व हवेच्या तापमानांत मुळातच साठ अंशांचे अंतर असताना हा लाभ नगण्य आहे. अडचण हवेच्या बाजूला आहे. म्हणूनच परदेशी गाडीच्या मापांची नक्कल घातक ठरते. २० अंशांच्या हवेत पाण्याशी ७५ अंशांचे अंतर मिळते, आपल्याकडे ६०; तोच रेडिएटर येथे पंचमांश उष्णता कमी घालवितो.

हवेला फट सापडली की ती जाळीतून जाण्याचे कष्ट घेत नाही. रेडिएटर व त्याची वाहिनी यांमधील बोटभर फटही म्हणून बुजवावी. स्पंजाची पट्टी त्याला पुरते. पुढच्या चाकाच्या मागे, जेथे हवा आधीच घुसळलेली असते, तेथे तोंड ठेवू नये. मोकळी जागा मात्र तेथेच असते, हे खरे!

स्पर्धेच्या नियमांनुसार शीतक म्हणून केवळ साधे पाणी चालते; ग्लायकॉल सांडल्यास धावपट्टी निसरडी होते. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळते, पण झाकणाने वातावरणाहून १.१ बार अधिक दाब राखला तर उत्कलनबिंदू १२० अंशांपलीकडे जातो. या गाड्यांत रेडिएटर चालकाच्या बगलेला, खाली असतो. पाणी भरण्याचे तोंड तेथेच ठेवल्यास सिलिंडरच्या माथ्याशी हवा कोंडते. ते तोंड साऱ्या मार्गातील सर्वोच्च ठिकाणी न्यावे.

आता ती तीन मिनिटे. इंजिन थांबताच त्याच्यावर फिरणारा पंपही थांबतो. ज्वलनकक्षाभोवतीचा धातू पाण्याहून बराच तप्त असतो. ती उष्णता स्तब्ध पाण्यात उतरून वाफ होते, आणि वाफ पाण्याला झाकणाबाहेर ढकलते. रेडिएटर कितीही मोठा असला तरी येथे त्याचा उपयोग नाही, कारण पाणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. विजेवर चालणारा पंप व पंखा सुरू ठेवणे हाच उपाय. दोन्ही मिळून १५ अँपिअर प्रवाह घेत असतील तर तीन मिनिटांत बॅटरीतून पाऊण अँपिअर-तास खर्च होतो. वजन वाचविण्यासाठी अगदी लहान बॅटरी घेतलेल्या गाडीस तेवढ्यानेही इंजिन फिरविणे जड जाते. बॅटरीची निवड म्हणून शीतनाबरोबरच करावी.

चाचणी भर दुपारी घ्यावी. तेरा मिनिटे गाडी पळवावी, तीन मिनिटे थांबवावी, पुन्हा तेरा मिनिटे पळवावी. रेडिएटरच्या दोन्ही टोकांची तापमाने नोंदवावीत. शेवटी, उतू आलेले पाणी धरण्यासाठी नियमाने जी ०.९ लिटरची बाटली ठेवावी लागते, तीत किती पाणी जमले ते मोजावे. थंड झाल्यावरही पाणी परत भरावे लागले, तर वाफ कोठे धरली याचा शोध सिलिंडरच्या माथ्यापासून सुरू करावा.