मूर्तीपुढील पाणी

मिसर देशांत नाईल नदीच्या पूर्वतीरावर देर-एल-बर्शा नांवाचें स्थळ आहे. तेथील डोंगरांत जेहुतीहोतेप नामक प्रांताधिपतीचें थडगें खोदलेलें असून, त्याच्या भिंतीवर सुमारें ३,९०० वर्षांपूर्वीं एक चित्र रंगविण्यांत आलें. १८९० सालीं त्याची पुष्कळ नासधूस झाली. परंतु तत्पूर्वीं त्याच्या नकला उतरून घेतलेल्या होत्या, हें आपलें भाग्यच म्हणावयाचें.

विद्यार्थिमित्रांनो, त्या चित्राकडे नीट पाहूं या. मध्यभागीं एका बिनचाकी लांकडी गाड्यावर त्या अधिपतीची बैठी पाषाणमूर्ति दोरांनीं आवळून बांधलेली आहे. सोबतचा लेख सांगतो कीं, ती हातनूबच्या खाणींतील दगडाची असून मिसरी मापानें १३ हात, म्हणजे सुमारें २२ फूट, उंच होती, आणि तिचा मार्ग अतिशय बिकट होता. तिचें वजन अजमासें ५८ टन असावें. बैल नाहींत, चाकें नाहींत. चार रांगांत १७२ माणसें दोर ओढीत आहेत. गणित केल्यास माणशीं नऊ मण ओझें येतें! मूर्तीच्या मांडीवर उभा राहून एकजण टाळ्यांनीं ताल देत आहे. दोर जेथें दगडाच्या कडांस घासेल तेथें चामडें घातलें आहे. दगडाची कड झिजूं नये म्हणून घेतलेली ही काळजी पाहून कोणाही गृहिणीस समाधान वाटेल.

आतां मूर्तीच्या पायांशीं उभा असलेला मनुष्य पहा. तो गाड्यापुढें घागरींतून पाणी ओतीत आहे, आणि खालीं कांहींजण कावडीनें आणखी पाणी आणीत आहेत. हा एक धार्मिक विधि होय, असें कित्येक विद्वान् मानीत. शेजारीं धूप जाळणारा दिसतोच. आम्हीही वर्गांत बरींच वर्षें तसेंच सांगत आलों. एकदां एका मुलानें विचारिलें, “गुरुजी, विधीला चुळकाभर पाणी पुरे; मग कावडी कशाला?” पुस्तकांत तसें लिहिलें आहे, असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें.

२०१४ सालीं अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं वाळूवर वजनदार घसरगाडी ओढून पाहिली. कोरड्या वाळूंत गाडीपुढें वाळूचा ढीग सांचतो व ती रुतते. बेताचें पाणी शिंपडलें कीं कणाकणांमध्यें सूक्ष्म थेंब अडकून ते कण एकमेकांस धरून ठेवितात, वाळू घट्ट होते, ढीग सांचत नाहीं, आणि ओढण्यास लागणारा जोर जवळजवळ निम्मा होतो. समुद्रकांठीं वाळूचे किल्ले करणाऱ्या मुलांस हें गुपित अर्धें ठाऊक असतेंच! मात्र पाणी फार झालें कीं वाळू सैल पडून सारा लाभ जातो. तेव्हां घागर धरणारा तो मनुष्य मोठा जाणता असला पाहिजे.

आम्हीं पुढें शाळेच्या प्रयोगशाळेंत परातींत वाळू घालून, वीट व ताणकांटा घेऊन हा प्रयोग करून पाहिला. कांटा उतरला. तो मुलगा तोंवर शाळा सोडून गेला होता; हा अंक त्याच्या हातीं पडल्यास त्यानें जाणावें कीं त्याची शंका रास्त होती.

ज्या मूर्तीसाठीं हा सारा खटाटोप झाला, ती मात्र अद्याप सांपडलेली नाहीं.