मुदत संपलेला कागद

एकच फ्लॅट भाड्याने देणारा माणूस आणि दहा गाळ्यांचा मालक यांना एकाच मापाने मोजू नये. दहापैकी एका गाळ्यातला भाडेकरू अडून बसला, तरी नऊ ठिकाणचे भाडे चालू राहते. एकाच घराच्या मालकाचे मात्र सगळे उत्पन्न थांबते आणि कर्जाचा हप्ता, मेंटेनन्स, घरपट्टी यांतले काहीच थांबत नाही. हिशेब सोपा आहे. एक कोटीच्या फ्लॅटला महिना २५,००० रुपये भाडे आले तर वर्षाचे तीन लाख, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर तीन टक्के. त्यातून रंगकाम, एजंटची दलाली आणि अधूनमधून रिकामे जाणारे महिने वजा करायचे. उत्पन्न इतके पातळ असताना चूक परवडत नाही. तरीही घर देताना आपण सगळे लक्ष घालतो ते भाड्याच्या आकड्यात आणि माणसाच्या पारखीत: नोकरी कुठे, कुटुंब केवढे, बोलणे कसे. कागदाचे काम एजंटवर सोपवून मोकळे होतो. हा क्रम उलटा हवा, हे मी आग्रहाने सांगते, कारण या बाबतीतल्या चुकीच्या समजुती मीही बरीच वर्षे बाळगल्या होत्या आणि त्यांची किंमत मोजली आहे.

त्यातली सर्वांत चिवट समजूत म्हणजे ‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही.’ १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांची पळवाट देशभर रुजली ती त्यामुळे. महाराष्ट्रात मात्र ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे आणि त्याच्या कलम ५५ ने ही वाट बुजवली. मुदत अकरा महिन्यांची असो की तीन वर्षांची, लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे राहण्याचा परवाना देणारा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ही जबाबदारी घरमालकाची आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण मला या शिक्षेपेक्षा त्याच कलमातले दुसरे वाक्य जास्त गंभीर वाटते. नोंदवलेला करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले याबद्दल राहणारा जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेणारा मालक वाद उभा राहण्याआधीच एक पाऊल मागे असतो.

नोंदवलेल्या कराराच्या बाजूने कायदा किती ठामपणे उभा राहतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. याच कायद्याचे कलम २४ सांगते की राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपल्यावर परवानाधारकाने ताबा द्यायचा. न दिल्यास मालकाने दिवाणी न्यायालयाच्या रांगेत न लागता या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने शपथपत्रावर बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही तर ताब्याचा आदेश होतो. मुदतीनंतर ताबा देईपर्यंत करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. लेखी करारात नमूद केलेली गोष्ट हा त्या बाबतीतला निर्णायक पुरावा मानला जातो. सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण आहे. इतकी तरतूद छोट्या मालकासाठी असताना ती हातातून घालवायची ती कशासाठी?

खर्चासाठी, असे उत्तर येते. तो खर्च मांडून पाहू. भाडे महिना २०,००० आणि अनामत ६०,००० धरा. मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक अनामतीवरचे वार्षिक दहा टक्के व्याज यांच्या पाव टक्का आहे. अकरा महिन्यांचे ते पावणेसहाशेच्या आत बसते, तीन वर्षांचे साधारण १,८५० रुपये होते. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. त्यावर घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेणाऱ्याची मजुरी. दोघांत वाटून घेतला तर हा खर्च महिन्याच्या भाड्याच्या एका लहान तुकड्याएवढाच आहे. आणि महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा हट्ट धरण्याचे कारणच उरलेले नाही. भाडेकरू पारखलेला असेल तर भाडेवाढीची टक्केवारी आधीच लिहून दोन-तीन वर्षांचा करार एकदाच नोंदवावा, असे मी सुचवेन.

यापेक्षा वजनदार आक्षेप कराचा आहे. नोंदणी केली की भाडे सरकारला दिसते, म्हणून कागदावर निम्मे दाखवू आणि बाकीचे रोख घेऊ, असा विचार अनेक घरांत होतो. कर चुकवणे गैर आहे हे तर आहेच, पण निव्वळ फायद्या-तोट्यानेही हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. वर्षाला २,४०,००० भाडे आले, तर मालकाने भरलेला पालिकेचा कर वजा जातो आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. म्हणजे जास्तीत जास्त १,६८,००० करपात्र. आता दुसरी बाजू पाहा. खरे भाडे २५,००० आणि करारात १२,००० लिहिले असेल, तर मुदत संपल्यावर अडून बसणाऱ्याकडून मिळणारी दुप्पट भरपाई महिना २४,००० होते, खऱ्या भाड्यापेक्षाही कमी. कायद्याने दिलेला दट्ट्या मालकाने स्वतःच बोथट केलेला असतो. उरलेल्या रोख रकमेचा उल्लेख तो कोणत्याही अर्जात करू शकत नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी घरमालकांनी तर या वाटेला जाऊच नये. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के आणि वर अधिभार-उपकर कापून भरायचा असतो. ते करारातच स्पष्ट लिहावे आणि जादा कापलेले विवरणपत्र भरून परत मागावे.

‘माणूस ओळखीचा आहे, कागद मागितला तर वाईट दिसेल’ हा आक्षेप मला खराखुरा वाटतो, कारण तो लोभातून नाही, भिडेतून येतो. पण वाद बहुतेक वेळा वाईट माणसामुळे होत नाही. परिस्थिती बदलल्यामुळे होतो. चांगल्या माणसाची नोकरी जाते, घरात आजारपण येते, मुलांची शाळा जवळ असते आणि नवे भाडे परवडत नाही. मालक वारला, तर वारसांना तोंडी बोलणे काय झाले होते ते माहीत नसते. नोंदवलेला करार असेल तर कलम २४ चा हक्क त्या वारसांनाही मिळतो. कागदामुळे ओळखीवर ताण येत नाही. उलट ताणाच्या दिवशी दोघांनाही भांडायला जागा कमी राहते.

आणि तरी, पहिला करार नीट करणारे असंख्य मालक दुसऱ्या वर्षी घसरतात. मुदत संपते, भाडे वेळेवर येत असते, ‘चालू राहू द्या’ म्हणून दोघेही गप्प बसतात. माझ्या मते छोट्या घरमालकाचा सर्वांत मोठा धोका हाच. त्या दिवसापासून नवी मुदत, नवे भाडे, दोन्ही तोंडी. आणि तोंडी म्हटले की कलम ५५ चे ते दुसरे वाक्य आलेच. राहणाऱ्याला आपण परवानाधारक नसून भाडेकरू आहोत असे म्हणायला वाव मिळतो. ही भीती हवेतली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याला १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला चालू परवान्यावर राहणारे एका फटक्यात संरक्षित भाडेकरू ठरले. त्या धसक्याने मुंबईतली कितीतरी घरे पुढे कुलपात राहिली. आजचा कायदा तसा नाही, पण आजचा कायदाही कागद मागतो. बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते, ही अफवा मात्र सोडून द्यावी. परवान्याने किंवा भाड्याने आत आलेला माणूस केवळ वर्षे मोजून मालक होत नाही.

म्हणून मुदत संपण्याच्या दोन महिने आधी निर्णय घ्यावा: नवा करार की ताबा. ताबा हवा असेल तर लेखी कळवावे, आणि मुदतीनंतर खात्यात आलेली रक्कम भाडे म्हणून नव्हे, तर हक्क अबाधित ठेवून नुकसानभरपाई म्हणून स्वीकारत आहोत, असे त्याच दिवशी लेखी कळवावे. पाणी किंवा वीज तोडण्याचा, कुलूप बदलण्याचा मोह कितीही झाला तरी टाळावा. आवश्यक सेवा तोडायला भाडे कायद्याचे कलम २९ मनाई करते, आणि कायद्याबाहेर हुसकावलेल्या माणसाला सहा महिन्यांत दावा लावून, मालकी कोणाची हे न पाहता, ताबा परत मिळू शकतो. दुकानाचा गाळा देणाऱ्याने एक लक्षात ठेवावे: कलम २४ ची झटपट वाट फक्त राहत्या घरांसाठी आहे. तिथे करार वकिलाकडूनच करून घ्यावा आणि अनामतही त्या हिशेबाने घ्यावी.

बाकीची कामे लहान आहेत. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती ऑनलाइन कळवावी. सोसायटीला कराराची प्रत द्यावी. घर भाड्याने दिले म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त आकारता येत नाही, २००१ पासून तसा शासनाचा आदेश आहे. किल्ली देताना विजेच्या मीटरचा आकडा, नळ-गिझर-पंख्यांची यादी आणि भिंतींचे फोटो दोघांच्या सहीने जोडावेत, आणि किल्ली परत घेतानाही त्याच यादीखाली तारीख घालून दोघांनी पुन्हा सही करावी, अनामत परत करण्याआधी.