जुनी आज्ञावली आणि न सापडणारी लायब्ररी

अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात झाली. त्या काळातील नमुन्यांच्या डीएनए-क्रमांची आजच्या नमुन्यांशी तुलना करावयाची असेल, तर दोन्हींचे विश्लेषण आज्ञावलीच्या एकाच आवृत्तीने होणे इष्ट असते. संशोधक म्हणून सॅमटूल्सची त्याच वर्षीची १.९ ही आवृत्ती कोंडाच्या साहाय्याने पुन्हा बसवतो. आणि पहिल्याच कमांडला संदेश येतो, की ‘लिबक्रिप्टो.एसओ.१.०.०’ ही शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही. पुष्कळ जण येथेच नवी आवृत्ती घेऊन मोकळे होतात. तुलनेचा पाया त्यामुळे बदलतो, याची नोंद मात्र कोठेच राहत नाही.

वस्तुतः सॅमटूल्समध्ये बिघाड झालेला नसतो. लिनक्सवरील बहुतेक आज्ञावल्या सामान्य कामांसाठी सामायिक लायब्ररींवर विसंबतात. आज्ञावली सुरू होताना ‘लोडर’ हा छोटा प्रोग्रॅम त्या लायब्ररी नावाने शोधतो. नावातील ‘एसओ’नंतरचा आकडा हा कराराचा क्रमांक होय. तो बदलला की लायब्ररीशी बोलण्याची रीत बदलली, असे समजावे. लिबक्रिप्टो ही ओपनएसएसएलचा भाग आहे. ओपनएसएसएलच्या १.०.२ या मालिकेचा सार्वजनिक आधार २०१९ अखेर संपला आणि नव्या प्रणालींतून ती वगळली गेली.

निदानासाठी ‘एलडीडी’ या कमांडला आज्ञावलीचा पूर्ण पत्ता द्यावा. लागणाऱ्या लायब्ररींची यादी मिळते व न सापडलेल्या लायब्ररींपुढे तसा शेरा असतो. (अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या फाइलवर मात्र ‘एलडीडी’ चालवू नये, काही परिस्थितीत ती फाइलच चालू होऊ शकते.) लायब्ररी संगणकावर असूनही लोडरला दिसत नसेल, तर ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या चलात तिच्या फोल्डरचा पत्ता देणे पुरते.

लायब्ररी मुळातच नसेल, तर नव्या फाइलला जुन्या नावाचा दुवा जोडण्याची युक्ती सर्रास सुचवली जाते. ती टाळावी. असा दुवा म्हणजे लोडरला दिलेली खोटी ओळख होय. आज्ञावली लगेच कोसळली तर ते सुदैवच म्हणावे. जीएसएलसारख्या गणिती लायब्ररीच्या बाबतीत ती न कोसळता चुकीचे आकडे देण्याचा धोका असतो, आणि असे आकडे पाहून कोणालाही शंका येत नाही.

योग्य उपाय म्हणजे कोंडामध्ये स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट तयार करणे. चॅनेलच्या क्रमात कोंडा-फोर्ज आधी व बायोकोंडा नंतर ठेवावा आणि सॅमटूल्सची आवृत्ती स्पष्ट नमूद करावी. सुसंगत लायब्ररी सोबत येते. सुरक्षा-दुरुस्त्या थांबलेली ओपनएसएसएल लागलीच, तर ती त्या एन्व्हायर्नमेंटपुरतीच ठेवावी, मूळ प्रणालीत बसवू नये. सामायिक महासंगणकावर प्रशासकाचे अधिकार नसतात. तेथे अ‍ॅप्टेनरचा कंटेनर उपलब्ध असल्यास तो सोयीचा.

एक प्रकार विशेष फसवा आहे. फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येते. अशा वेळी ‘फाइल’ ही कमांड चालवून पाहावी. आज्ञावली ३२ बिटची निघाली, तर ६४ बिटच्या प्रणालीत बहुधा तिचा लोडरच नसतो. उबुंटूवर आय३८६ ही रचना जोडून त्या रचनेचे ‘लिबसी६’ बसवल्यास आज्ञावली पुढे सरकते आणि मग उरलेल्या लायब्ररींची नावे एकेक करून समोर येऊ लागतात.