इंजेक्शनचा गुण का येत नाही?

प्रश्न : पूर्वी ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या इंजेक्शनने मेंढ्यांची हगवण थांबायची, आता थांबत नाही. औषध बनावट असेल का? – एक मेंढपाळ, जत

उत्तर : तेवढ्यावरून औषधाला दोष देऊ नका. हगवण जंतांमुळे किंवा पीपीआरच्या विषाणूमुळे असेल, तर प्रतिजैविक निरुपयोगीच. ई. कोलायसारखे जिवाणू असतील, तर ते आता औषधाला दाद देत नसावेत. काही जिवाणू पेशीत शिरलेलं टेट्रासायक्लिन बाहेर फेकतात; त्यासाठीची जनुकं ते इतर जिवाणूंनाही देतात. वारंवार औषध दिलं की असेच जिवाणू तगतात आणि लेंड्यांतून कळपभर, हातांवाटे घरातही पोहोचतात. आधी पशुवैद्यकाकडून लेंड्या तपासून घ्या. औषध आणि वजनानुसार डोस त्यांनाच ठरवू द्या. हगवण लावणाऱ्या आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचा. इंजेक्शननंतर मांसासाठी जितके दिवस थांबायला बाटलीवर सांगितलं आहे, तितके दिवस मेंढी खाटकाला विकू नका.