पापणिक सुत्त आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात ‘पापणिक सुत्त’ या नावाची दोन सुत्ते आहेत. पापणिक म्हणजे दुकानदार. उपदेश भिक्खूंना केलेला असला, तरी दृष्टान्त बाजारपेठेतला आहे. दुसऱ्या सुत्तात भगवान बुद्धांनी यशस्वी दुकानदाराची तीन अंगे सांगितली आहेत : तो चक्खुमा, म्हणजे डोळस असतो, विधुर, म्हणजे कुशल असतो (मराठीतील ‘विधुर’ या शब्दाशी याचा संबंध नाही), आणि निस्सयसंपन्न, म्हणजे विश्वासाचा आधार लाभलेला असतो. शिवणकाम, मसाले, मोबाइल दुरुस्ती यांसारखा छोटा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कशी वापरावीत, याचा विचार आम्ही या तीन अंगांच्या आधारे करीत आहोत.

प्रथम साधनाचे स्वरूप ध्यानी घ्यावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले. पाठोपाठ तशी अन्य साधनेही आली. प्रचंड लिखित मजकुरातून शब्दांच्या क्रमाचे नमुने शिकून, पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज ही यंत्रणा बांधते. म्हणूनच तिची भाषा सफाईदार असते. त्या भाषेतील विधान खरे असेलच, अशी हमी मात्र नसते.

पहिले अंग डोळसपणाचे. माल केवढ्यास घेतला, केवढ्यास विकला असता किती नफा उरेल, हे त्या दुकानदारास ठाऊक असते. समजा, दोन भगिनींनी तिखटाचा व्यवसाय आरंभिला. १० किलो सुक्या मिरचीचे २२०० रुपये, दळणाचे ३००, पिशव्यांचे १८०, वाहतुकीचे १२० आणि दोघींच्या एका दिवसाच्या मजुरीचे ८००, एकूण ३६००. एवढेच आकडे देऊन किलोमागचा खर्च विचारला, तर यंत्र १० ने भागून ३६० रुपये सांगू शकेल. ३८० रुपयांनी विकल्यास २० रुपये नफा दिसेल. परंतु देठ काढून, वाळवून, दळून हाती ९ किलोच तिखट आले, तर खरा खर्च ४०० रुपये. म्हणजे किलोमागे २० रुपयांचा तोटा. ही घट सांगितल्यावाचून यंत्रास कळत नाही. ती जिने मिरची वाळविली तिलाच ठाऊक असते.

याहून गंभीर चूक मजुरी न धरण्याची. घरच्या बायकांच्या कष्टांचे कसले पैसे, असे म्हणून ते ८०० रुपये वगळले, तर ९ किलोंवर ६२० रुपये नफा भासेल. वस्तुतः ती त्या दोघींचीच कापली गेलेली मजुरी असेल. श्रमाचे मोल हिशेबात न धरण्याची ही रीत आमच्या समाजाला नवी नाही. महार वतनात रात्रंदिवस गावकीची कामे आणि मोबदल्यात तुटपुंजे बलुते मिळे. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ज्या श्रमाची किंमत इतरांनी नाकारली, ती आपल्याच वहीत आपण नाकारू नये.

दुसरे अंग कौशल्याचे. येथे यंत्राचे साहाय्य खरोखर मोलाचे आहे. दरपत्रक, बँकेस द्यावयाचे पत्र, मालाची इंग्रजी व हिंदी माहिती, थकबाकीचे सौम्य स्मरणपत्र यांचा मसुदा ते क्षणात करून देते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. परंतु निविदेची भाषा न उमगल्यास अशी संधी कागदावरच राहते. तो कागद सोप्या मराठीत समजावून घेण्यास हे साधन उपयोगी पडते. तथापि अटी, रकमा व तारखा मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात आणि कराचे नियम जाणकाराकडून पक्के करून घ्यावेत.

तिसरे अंग विश्वासाचे. १९१७ साली परदेशातून परतल्यानंतर बाबासाहेबांनी भाग-भांडवलाच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले. ज्ञान होते, समाजाने निस्सय नाकारला. आज तो जपण्याचे काम आपल्याकडेही आहे. ग्राहकांची नावे, भ्रमणध्वनी क्रमांक, आधार क्रमांक, बँकेचा तपशील यंत्रात घालू नये. ओटीपी तर कोणासही देऊ नये. खोटी शिफारसपत्रे वा नसलेल्या गुणांची जाहिरात यंत्राकडून लिहून घेणे म्हणजे सम्यक आजीविकेचा भंग होय. यंत्राने लिहिले, ही सबब ग्राहकापुढे चालत नाही.

पहिल्या पापणिक सुत्तात सकाळी, दुपारी व सायंकाळी कामाकडे दक्षतेने लक्ष न देणारा दुकानदार संपत्ती मिळवू शकत नाही, असे म्हटले आहे. ती दक्षता कोणत्याही यंत्राकडे सोपविता येत नाही.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका छोट्या व्यावसायिकाचा एका दिवसाचा जमाखर्च, मजुरी व घट धरून, प्रथम स्वतः वहीत मांडा. नंतर तोच हिशेब यंत्राकडून, नावे वगळून, करून घ्या. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर कोणता आकडा सुटला ते शोधा.